नवं घडवावं की नक्कल काढावी? वेगाविषयीच्या एका समजुतीची समीक्षा



जनाबाईंच्या या गावात, गोदाकाठी, तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकानं प्रोग्रॅमिंगवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आमच्या घरीही उंचावल्या. पण आम्ही आज जे मांडणार आहोत, त्याचा संबंध यंत्रापेक्षा विचार करण्याच्या सवयीशी जास्त आहे. आणि ती सवय बिघडली की माणसाला त्रास होतो, हे आम्ही जवळून पाहिलं. म्हणून हा विषय घेतला.

आधी विषय सोपा करून सांगतो. आजच्या बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ऑब्जेक्ट नावाची चीज असते. काही माहिती आणि त्या माहितीवर करायची कामं, यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं म्हणजे ऑब्जेक्ट. बँकेतलं एक खातं, दुकानातलं एक बिल, शाळेतला एक विद्यार्थी, हे सगळे प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट म्हणून वावरतात. असं गाठोडं तयार करण्याच्या दोन रीती. एक, नव्यानं घडवायचं: त्यासाठी क्लास म्हणजे साचा असतो आणि कन्स्ट्रक्टर नावाची कृती ते गाठोडं नीट भरून देते. दुसरी, आधीच तयार असलेल्या ऑब्जेक्टची नक्कल काढायची. तिला क्लोन करणं म्हणतात.

आता समजूत अशी की नवं घडवणं हळू आणि नक्कल काढणं जलद. तयार माल उचलायचा, त्याला कितीसा वेळ लागणार? ऐकायला पटतं. आमचा एक जुना विद्यार्थी, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तो आम्हाला म्हणाला, ‘सर, क्लोन केलं की प्रोग्रॅम पळतो. मी मोजून पाहिलंय.’ आम्ही विचारलं, ‘काय मोजलंस रे?’ तो म्हणाला, ‘वेळ.’ उत्तर खरं होतं आणि अपुरंही होतं.

या पोरानं एका पतसंस्थेसाठी जावा भाषेत काम केलं होतं. पतसंस्थेचं नाव आम्ही घेत नाही, त्याची गरज नाही. प्रोग्रॅम हळू चालतो अशी तक्रार आली, म्हणून त्यानं प्रत्येक ठिकाणचं नवं खातं घडवणं काढून टाकलं. एक नमुना खातं ठेवलं आणि दर वेळी त्याची नक्कल काढायला सुरुवात केली. प्रोग्रॅम खरंच पळायला लागला. सगळे खूश.

काही महिन्यांनी एक बाई आमच्याकडे कागद घेऊन आल्या. त्यांनी आपल्या जाऊबाईच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. नोटीस मात्र आली होती ती भलत्याच माणसाच्या थकलेल्या कर्जाची. त्या म्हणाल्या, ‘सर, या माणसाला मी ओळखत पण नाही. मी सही कुठं केली?’ केलीच नव्हती. सही त्यांच्या हाताची नव्हती, प्रोग्रॅमच्या नकलेची होती. ते कसं, त्याकडे येतोच. पण ऐकताना ही बाई डोळ्यांपुढे ठेवा.

पहिली गोष्ट. नवं घडवणं विरुद्ध नक्कल काढणं, ही तुलनाच मुळात नीट मांडलेली नाही. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1949 साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात कोटिदोष दाखवला होता. एकाच पातळीवर नसलेल्या दोन गोष्टी एका तराजूत घालायच्या, हा तो दोष. इथे तेच होतं. नक्कल काढायची तरी तिला मेमरीत जागा लागतेच. म्हणजे क्लोनमध्येही जागा घेणं आलं आणि नव्यानं घडवण्यातही आलं. जागा घेतल्यावर एकीकडे जुन्यातून उतरवून घ्यायचं, दुसरीकडे कन्स्ट्रक्टरनं भरायचं. फरक एवढाच. म्हणून खरा प्रश्न असा हवा: उतरवून घेणं स्वस्त की नव्यानं भरणं स्वस्त? याला एक उत्तर नाही. काय भरायचं आहे त्यावर ते ठरतं. दोन आकडे आणि एक नाव भरायचं असेल तर दोन्हींत मोजण्यासारखा फरक नाही. लाखभर आकड्यांची रांग असेल तर मेमरीचा तुकडाच्या तुकडा उचलणं हे एकेक आकडा मांडण्यापेक्षा सोपं पडतं. म्हणून जावामध्ये अशा रांगेची, म्हणजे अ‍ॅरेची, नक्कल क्लोननं काढणं आजही रास्त मानतात.

दुसरी गोष्ट. ही समजूत आली कुठून? ती खोटेपणातून आलेली नाही. एके काळी तिला आधार होता. सी भाषेत मेमरीत जागा मागायची म्हणजे मोकळा तुकडा शोधावा लागे, त्याला वेळ जाई. जावा 1990 च्या दशकाच्या मध्यावर आली, तेव्हा तिची मेमरी सांभाळण्याची व्यवस्थाही मंद होती. ‘नवा ऑब्जेक्ट महाग’ हे तेव्हाचं अनुभवाचं वाक्य होतं. पण 1984 सालीच डेव्हिड उंगर यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी मेमरी साफ करण्याची एक वेगळी रीत मांडली होती. ती पुढे जावाच्या हॉटस्पॉट यंत्रणेत स्थिरावली.

ती रीत आपल्या पंगतीसारखी आहे. पंगतीत येणाऱ्याला रिकामी जागा शोधत फिरावं लागत नाही. शेवटच्या माणसाच्या शेजारी पुढची पत्रावळ मांडायची, झालं. पंगत उठली की जे दोन-चार जण अजून जेवताहेत त्यांना बाजूला बसवायचं आणि बाकी सगळी जागा एकदम झाडून घ्यायची. उठून गेलेल्या प्रत्येकाची पत्रावळ वेगळी मोजत बसायची नाही. बहुतेक ऑब्जेक्ट अल्पायुषी असतात, म्हणून हा हिशेब जमतो. ब्रायन गोट्झ यांनी 2005 साली एका लेखात लिहिलं की हॉटस्पॉटमध्ये नव्या ऑब्जेक्टला जागा देण्याचं नेहमीचं काम यंत्राच्या साधारण 10 सूचनांत उरकतं. सी भाषेतल्या उत्तम व्यवस्थेलाही त्याच्या कितीतरी पट सूचना लागतात. शिवाय एखादा ऑब्जेक्ट आपल्या फंक्शनबाहेर जातच नाही असं यंत्रणेला कळलं, तर पुष्कळदा ती त्याला स्वतंत्र जागा देतच नाही. माणूस पंगतीला आलाच नाही, मग पत्रावळ कसली?

म्हणजे कारण गेलं आणि समजूत उरली. आमच्या शास्त्रातही असं होतं. भाष्यकार गेला, प्रसंग गेला, वाक्य मात्र पाठ राहिलं.

तिसरी गोष्ट, आणि इथे आमच्या विद्यार्थ्याचा हिशेब उघडतो. त्यानं मोजलेला वेळ खोटा नव्हता. क्लोन केल्यावर प्रोग्रॅम खरंच जलद झाला होता. मग चुकलं कुठं? आम्ही त्याला कन्स्ट्रक्टर उघडून दाखवायला सांगितलं. त्यात प्रत्येक नव्या खात्यासाठी व्याजदरांचा तोच तक्ता डेटाबेसमधून पुन्हा पुन्हा मागवला जात होता. जावाचा क्लोन कन्स्ट्रक्टरला हाकच मारत नाही. साहजिकच तक्ता मागवणं टळलं आणि वेळ वाचला. वेळ वाचला तो तक्ता न मागवल्यामुळे, नकलेमुळे नव्हे. तक्ता एकदाच आणून जवळ ठेवला असता, तर नव्यानं घडवूनही तेवढाच वेळ वाचला असता. पुढे त्यानं तेच केलं आणि तसंच झालं.

न्यायशास्त्रात याला नाव आहे. अग्नी आहे म्हणून धूर आहे, असं अनुमान कुणी केलं तर नैयायिक विचारतो, इंधन ओलं होतं का? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओल्या इंधनाची अट लागते. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि उपाधी न पाहता केलेलं अनुमान सदोष ठरतं. ‘क्लोन आहे म्हणून वेग आहे’ या अनुमानातलं ओलं इंधन म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये लपलेलं ते महागडं काम. ते काढा, धूर संपला.

चौथी गोष्ट, त्या बाईंची. जावाची क्लोन पद्धत जी नक्कल काढते ती उथळ असते. उथळ नक्कल म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी मंडळींना आम्ही एका वाक्यात सांगू: वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, पण विहीर सामाईक राहिली. ऑब्जेक्टचे वरचे रकाने दोघांचे वेगळे होतात, पण रकान्यात एखाद्या यादीचा फक्त पत्ता लिहिलेला असेल तर पत्ताच उतरतो, यादी उतरत नाही. दोन्ही ऑब्जेक्ट एकाच यादीकडे बोट दाखवतात. नमुना खात्यात जामीनदारांची एक रिकामी यादी होती. एका बैठकीत जितकी खाती उघडली गेली, त्या सगळ्यांची यादी ती एकच. आधी जाऊबाईचं कर्ज नोंदलं गेलं, त्यात या बाईंचं नाव पडलं. मग पुढच्या माणसाचं कर्ज नोंदलं, तर यादीत बाईंचं नाव आधीच हजर. विहिरीत एकानं कळशी टाकली, पाणी दोघांचं ढवळलं.

यावर सखोल नक्कल हा उपाय आहे, म्हणजे प्रत्येकाला वेगळी विहीर खणून द्यायची. पण मग खणण्याचा खर्च आला. यादीच्या आत यादी, तिच्या आत आणखी काही, असं आत आत जाऊन सगळं उतरवायचं. पायथॉनमधली सखोल नक्कल तर कोणती वस्तू आधीच उतरवली, याची वेगळी नोंद ठेवत जाते, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या वस्तूंत ती गोल गोल फिरत राहील. ज्या वेगासाठी क्लोन धरला तो वेग इथे हातचा जातो. उथळ नक्कल जलद पण धोक्याची, सखोल नक्कल सुरक्षित पण सावकाश. ‘क्लोन जलद’ म्हणणारा यांतल्या कोणत्या क्लोनबद्दल बोलतोय, हे आधी विचारा.

जावाच्या क्लोनच्या रचनेवर आमचा स्पष्ट आक्षेप आहे. क्लोनेबल नावाचं एक बिरूद लावल्याशिवाय नक्कल निघत नाही, पण त्या बिरुदात क्लोन ही पद्धतच नाही. आत काही नसलेली पाटी! शिवाय कन्स्ट्रक्टरला वगळून ऑब्जेक्ट जन्माला येतो. कन्स्ट्रक्टर म्हणजे नुसती भरणी नव्हे. खात्याला क्रमांक हवाच, शिल्लक ऋण नको, अशा अटी तिथे तपासल्या जातात. तो उंबरठा चुकवून मागच्या दारानं आत येण्याची सोय भाषेनंच करून दिली. जोशुआ ब्लॉक यांनी 2001 साली ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात यावर टीका केली. नक्कल हवीच असेल तर नक्कल काढणारा कन्स्ट्रक्टर लिहा, असा त्यांचा सल्ला. तो आम्हाला पटतो, कारण त्यात नक्कलही होते आणि उंबरठाही ओलांडावा लागतो. पण ब्लॉक यांचे वाचक त्यांच्यापुढे गेले. त्यांनी ‘क्लोन वाईट’ एवढंच पाठ केलं. अ‍ॅरेचा अपवाद ब्लॉक यांनी स्वतःच केला आहे, तो विसरले. एक पाठांतर गेलं, दुसरं आलं.

पाचवी गोष्ट थोडी आमच्या घरची आहे. क्लासवरून घडवणं आणि नमुन्यावरून नक्कल काढणं, यामागे दोन तत्त्वज्ञानं आहेत. 1987 साली डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी सेल्फ नावाची भाषा मांडली. होय, तेच उंगर, पंगतीची रीत सांगणारे. त्यांनी क्लास ही कल्पनाच काढून टाकली. जगात आधी साचे नसतात, वस्तू असतात. वस्तू हवी तर जवळच्या वस्तूची नक्कल काढा आणि हवे ते बदल करा. प्लेटोला घराबाहेर काढलं म्हणा ना. पुढे 1995 साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट घडवली तेव्हा ही नमुन्याची कल्पना सेल्फकडूनच घेतली. आज तुमच्या मोबाइलमधल्या ब्राउझरमध्ये तीच चालते.

पण पुढे काय झालं पाहा. क्लास नसलेली सेल्फ जलद चालवायची कशी, हा प्रश्न पडला. क्रेग चेंबर्स, उंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली उत्तर दिलं: एकाच नमुन्यातून निघालेल्या वस्तूंची रचना सारखीच असते, ती रचना एका जागी लिहून ठेवायची आणि प्रत्येक वस्तूनं तिच्याकडे फक्त बोट दाखवायचं. आजची जावास्क्रिप्ट यंत्रंही हेच करतात. मोझिलाच्या यंत्रात या लपलेल्या रचनेला शेप म्हणतात, शेप म्हणजे आकृती. पुढच्या दारानं क्लास बाहेर घालवला, मागच्या दारानं त्याची सावली आत आली.

आम्हाला इथे गौतमांच्या न्यायसूत्रांची आठवण होते. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय? समोरची एक गाय, की गाईपण, की गाईची ठेवण? गौतमांनी तिघांनाही अर्थात स्थान दिलं: व्यक्ती, आकृती आणि जाती. क्लासवाले जातीला धरून बसले, नमुनावाले व्यक्तीला. यंत्राला वेगासाठी जे लागलं ते मधलं, आकृती. आम्ही असं म्हणत नाही की गौतमांना संगणक माहीत होता. असले दावे करणाऱ्यांचा आम्हाला कंटाळा आहे. आम्ही एवढंच म्हणतो की भेद करण्याची सवय असली की नव्या प्रश्नात ती उपयोगी पडते. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी यातून एक व्यवहारी धडा निघतो: ऑब्जेक्ट नवा की नकलेचा, याची चिंता करण्याआधी सगळ्यांचे रकाने सारखे आणि एकाच क्रमानं भरले जातात ना, ते पाहा. आकृती विस्कटली की दोन्ही रीती मंदावतात.

मग नकलेला जागाच नाही का? आहे. आपल्या भागात ऊस लावतात तो बियांपासून नव्हे, बेण्यापासून. डोळा असलेली टिपरी मातीत गेली की आईसारखाच ऊस उगवतो. ही नक्कलच. नवं वाण घडवायला संकर, निवड आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात. ते काम दर हंगामात प्रत्येक शेतकऱ्यानं करायचं म्हटलं तर साखर कधी मिळणार? घडवणं फार महाग असेल आणि हवी तीच वस्तू पुन्हा हवी असेल, तर नक्कल शहाणपणाची. पण बेण्याबरोबर रोगही उतरतो, म्हणून ते ठरावीक काळानं बदलायचं, बेणेमळा वेगळा राखायचा. प्रोग्रॅममध्येही तेच. नमुना ऑब्जेक्ट हा तुमचा बेणेमळा. तो निरोगी आहे का, त्यात सामाईक विहिरी लपल्या आहेत का, हे तपासल्याशिवाय टिपरी तोडू नका.

आणि तिसरा मार्ग विसरू नका. जी वस्तू कुणी बदलणारच नाही, तिची ना नक्कल लागते ना नवी घडण. व्याजदरांचा तक्ता सगळ्यांनी खुशाल एकच वापरावा. सामाईक विहीर वाईट नसते. बदल करण्याची मुभा सगळ्यांना आणि पाणी एकच, हे वाईट. कित्येकदा सर्वांत जलद नक्कल म्हणजे न काढलेली नक्कल.

शेवटी मोजण्याबद्दल. नैयायिकांनी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वेगाच्या बाबतीत आपली पोरं शब्दप्रमाणावर चालतात. कुणीतरी सांगितलं, कुठंतरी वाचलं. शब्दप्रमाणाला बोलणारा आप्त लागतो, म्हणजे स्वतः पाहिलेला आणि खरं सांगणारा. तो आप्त आहे का, हे कोण विचारतं? बरं, प्रत्यक्ष मोजलं तरी भ्रम होतो. जावाचा प्रोग्रॅम सुरुवातीला हळू चालतो आणि तापल्यावर पळतो. सुरुवातीचा वेळ मोजला तर निष्कर्ष चुकला. ज्या कामाचं फळ पुढे वापरलंच जात नाही ते काम यंत्रणा गुपचूप गाळते, आणि तुम्ही शून्य मोजून ‘किती जलद!’ म्हणता. यासाठी जावात जेएमएच नावाचं मोजमापाचं साधन आहे, ते वापरावं. पण त्याही आधी अख्ख्या प्रोग्रॅमचा वेळ कुठं जातो ते पाहावं. पतसंस्थेत तो ऑब्जेक्ट घडवण्यात जातच नव्हता.

त्या बाईंचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. आमचा विद्यार्थी स्वतः त्यांच्याकडे गेला. आम्ही पाठवला नव्हता. नोंदी तपासल्या गेल्या, नोटीस मागे घेतली गेली. पण मधले काही आठवडे त्या बाईंनी झोपेविना काढले होते, आणि ते त्यांना कुणीही परत देऊ शकत नाही. तो परत आला तेव्हा म्हणाला, ‘सर, मी नुसता वेळ मोजला, तो का वाचला ते विचारलंच नाही.’ आम्ही त्याला बोल लावला नाही. आम्हीही चाळीस वर्षं वर्गात पुष्कळ वाक्यं अशीच पुढे ढकलली आहेत. आमच्या गुरूंनी सांगितली म्हणून आम्ही सांगितली, मुलांनी लिहून घेतली. ती उथळ नक्कलच होती. शब्द उतरले, त्यामागचं कारण जुन्याच पत्त्यावर राहिलं.

म्हणून इथल्या तरुणांना एवढंच सांगणं आहे. ‘हे जलद, ते हळू’ असं वाक्य कानावर आलं की तीन प्रश्न विचारा. कशाच्या तुलनेत? कोणत्या अटीवर? आणि चुकलं तर नोटीस कुणाच्या दारात जाईल? तिसरा प्रश्न कुठल्याच तांत्रिक पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत सापडायचा नाही. तो तुम्हालाच लक्षात ठेवावा लागेल.